खंड दुसरा

विल्मारकडे ज्ञानकोशाचा एकच खंड आहे.
दुसरा. सीपासून एफपर्यंत.
रविवारच्या बाजारात
एका बिघडलेल्या इस्त्रीवर फुकट मिळालेला.
इस्त्री त्याने दुरुस्त केली,
आणि खंड एकवीस वर्षं वाचतोय,
जेवणानंतर चार पानं,
संपला की पुन्हा सीपासून.

म्हणून इथे कार्मेलोत कुणाचं काही अडलं
की आम्ही आधी बघतो : शब्द कोणत्या अक्षराचा?
दालचिनी तो सांगेल. धूमकेतू सांगेल.
डेन्मार्कला बेटं किती, दातांची मुळं कुठवर जातात.
आमचं गावही आहे त्यात, सहा ओळी,
हाताने फिरवायच्या पुलासकट.
पाऊस विचारू नका.
आमच्या भाषेत पाऊस एलमध्ये पडतो.

कपड्यांचंही तेच.
शर्ट म्हणजे कामीसा, सी.
तेवढा कडक इस्त्रीचा, गळ्यापर्यंत बटणं लावलेला,
कारण चौऱ्याण्णव पानावर तसंच चित्र आहे.
बाकी सगळं बीमध्ये अडकलं :
डोक्यावरची बोइना, ढगळ बोम्बाचा,
आणि खुद्द बोचाचा खेळ,
जो तो रोज साडेपाचला आमच्याबरोबर खेळतो.
तो पहिला खंड कुणाच्या घरी
कुठल्या टेबलाचा पाय तोलून धरतोय, देव जाणे.
देवही आहे विल्मारकडे. डीमध्ये, अडीच पानं,
डायनामाइटच्या जरासा पुढे.

ज्यांचे नियम वाचलेले नाहीत
त्या गोष्टी तो आपल्या मनाने करतो.
बोइना डाव्या कानावर.
नेम धरताना लोक एक डोळा मिटतात,
हा दोन्ही मिटतो.
आणि त्याचा लाकडी चेंडू संथ घरंगळत
त्या इवल्या बोचिनच्या असा शेजारी जाऊन बसतो
की मधून काडी जाईल, काडीपेटी नाही.
धक्का न लावता जवळ जायचं,
एवढाच तर खेळ आहे.

नेलिदा गेली त्या हिवाळ्यात
ओस्मारने न राहवून विचारलं, कसा आहेस?
विल्मार बराच वेळ चेंडू पुसत राहिला.
मग म्हणाला,
दुःख आहे माझ्याकडे. डी. कारणं, प्रकार, उपचार.
थंडी आहे, एफमध्ये, आकृतीसकट.
मृत्यू एममध्ये. तो वाचलेला नाही.
विधुर तर पार शेवटी, व्हीला.
आणि म्हणाला, कुणाची पाळी?

यंदा माँतेविदेओहून भाची आली, मारिसोल.
धावायचे बूट आणले, हिरव्या नाड्यांचे,
आणि एक फोन.
मामा, यात सगळं आहे. ए ते झेड.
बूट त्याने खोक्यात परत ठेवले, नाड्या सारख्या करून.
दोरीच्या तळाचे त्याचे जोडे
तसे पहिल्या खंडातलेच,
पण पायांना पाठ होते.
फोन मात्र शर्टाच्या खिशात गेला.

आठवडाभर तो त्याच्याशी पुटपुटत होता.
आम्ही म्हटलं, झालं.
आता पाऊस विचारेल. एम उघडेल.
निदान बोचाचे नियम तरी,
आणि आमची एकवीस वर्षांची लबाडी पकडेल :
अंतर मोजताना ओस्मारची पट्टी
नेहमी ओस्मारच्या बाजूनेच सुरू होते.

काल बाकावर त्याच्या शेजारी बसून
ओस्मारने मान लांब करून पाहिलं.
विल्मार विचारत होता,
डेन्मार्कला बेटं किती?
उत्तर आलं. त्याने चष्मा कपाळावर सरकवला.
चुकतो, म्हणाला. पण पोरगं होतकरू आहे.

मग फोन ओस्मारच्या हातात दिला,
बोइना कानावर ओढली,
आणि जाऊन उभा राहिला रेघेवर,
दोन्ही डोळे मिटून.